कडेची दोन भोके

मी आपण होऊन बोलत नाही, हे आधीच सांगून टाकतो. कोणी तरी समोर बसावे, पायांनी माझ्यातला वारा ओढावा, आणि माझ्या छातीवरून भोके पाडलेला कागद सरकावा, तेव्हाच मला आवाज फुटतो. मग जे वाजते ते त्या कागदावरचे असते. माझा स्वतःचा असा एकही सूर मी आजवर काढलेला नाही. त्यामुळे आज हे सांगताना मला धास्ती वाटते. चुकले तर दोष कोणत्या कागदावर टाकणार?

मी एक आपोआप वाजणारा पियानो आहे. आपोआप हा शब्द तितकासा खरा नाही, कारण पाय कोणाला तरी मारावे लागतातच. शेजारीपाजारी मला पायपेटी म्हणत. इंदूताई मला कपाट म्हणत. दोन्ही चूक होते, पण मी ते कधी मनाला लावून घेतले नाही. आपण नक्की कोण, याची मलाही पुरती खात्री नव्हती.

माझ्या छातीत पितळेची एक आडवी पट्टी आहे. तिला अठ्ठ्याऐंशी छिद्रे, एकेका सुराचे एकेक. कागदातले भोक ज्या छिद्रावर येते त्यातून वारा आत शिरतो आणि त्या सुराची हातोडी तारेवर पडते. शिवाय पट्टीच्या दोन्ही टोकांना आणखी एकेक छिद्र आहे. त्याला स्वतःचा सूर नाही. कागदाच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी दोन भोके जोडीने पाडलेली असतात. ती या टोकाच्या छिद्रावरून गेली की त्या क्षणीचा सूर बाकीच्यांपेक्षा ठळक उमटतो. साथीच्या गर्दीतून चाल वर येते, ती कडेच्या या जोडभोकांमुळे. एवढे लक्षात ठेवावे. माझ्या मित्राच्या हातून जे झाले ते इथेच झाले.

माझा जन्म १९११ सालचा, विलायतेतल्या एका कारखान्यातला. वर्षभरात बोटीने मुंबईला आणि तिथून नगरच्या छावणीतल्या एका क्लबात आलो. तिथे माझी तीस वर्षे गेली. साहेबलोकांना नाच हवा असे, पण पाय मारण्याचे कष्ट नको असत. म्हणून भिंगारला राहणाऱ्या भीमाला त्या कामावर ठेवले. मूळचा तो पुणतांब्याचा. १९२१ पासून रोज संध्याकाळी तो माझ्यापुढे बसे. साहेब आणि मडमा नाचत, भीमा घाम पुसत असे, आणि नाच संपला की टाळ्या मला मिळत. टाळ्या घेताना मला नेहमी अवघडल्यासारखे होई.

युद्धाच्या दिवसांत क्लबात रेडिओ आला. मला मागच्या व्हरांड्यात ढकलले गेले. माझ्या झाकणावर सायकली टेकू लागल्या, आत चिमण्यांनी काड्या आणल्या. भोके पाडलेल्या माझ्या कागदांच्या गुंडाळ्या खोक्यांत भरून कोपऱ्यात पडून राहिल्या. मी तक्रार करत नाही. त्या लोकांना वेळ नव्हता आणि मलाही सांगता येत नव्हते.

१९४२ च्या हिवाळ्यात क्लबाची हद्द मोजायला जमिनीच्या नकाशांच्या कचेरीतून एक कारकून आले. पन्नाशीच्या जवळचे, काळी टोपी, काखेत नकाशाची नळी. हे नृसिंहराव टोकेकर. हद्द मोजून झाल्यावर ते व्हरांड्यात पाणी प्यायला थांबले. खोक्यातून एक गुंडाळी बाहेर लोंबत होती. त्यांनी ती उचलली, उलगडली आणि उजेडाकडे धरली. जन्मभर कागदाच्या गुंडाळ्यांत घालवलेला माणूस. अशी गुंडाळी त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"हा कसला नकाशा?" त्यांनी भीमाला विचारले.

"गान्याचा हाय, रावसाहेब. थांबा, दावतो."

भीमाने सायकल बाजूला केली, चिमण्यांच्या काड्या उपसल्या आणि पाय मारू लागला. माझे निम्मे सूर वाजलेच नाहीत. तरीही नृसिंहराव शेवटपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "म्हणजे कोणी तरी एकदा वाजवलं, आणि ते हात कागदात राहिले."

क्लबाला व्हरांडा मोकळा हवाच होता. आठ दिवसांनी मी बैलगाडीतून नगरच्या तोफखाना भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत आलो. त्यांच्या पत्नी इंदूताई दारात उभ्या होत्या.

"अहो, हे कपाट उघडतं कुठून?"

"हे कपाट नाही. वाद्य आहे."

"मग कपडे कुठं ठेवायचे? तुम्ही तर म्हणाला होतात कपाट बघतो."

 माझ्या झाकणावर इंदूताईंच्या घड्या घातलेल्या साड्या पुढे सात वर्षे राहिल्या. वाजवायचे असले की त्या उचलायच्या, झाले की परत ठेवायच्या.

क्लबाच्या गुंडाळ्या सव्वीस होत्या. अडलेल्या हातोड्या साफ करून नृसिंहरावांनी माझे बंद सूर मोकळे केले, पण तेवढ्या गुंडाळ्यांनी त्यांना भागेना. कामानिमित्त जिल्हाभर हिंडताना ते साहेबांच्या बंगल्यांतून चौकशी करत. बेलापूरच्या बाजारात तर त्यांना अशा गुंडाळ्यांचा ढीग एका फुटाणेवालीपाशी सापडला. कोणी साहेब गाव सोडताना रद्दीत टाकून गेला होता, आणि छबूबाई त्याच्या पुड्या बांधत होती. हा प्रसंग ते इंदूताईंना इतक्या वेळा सांगत, की मी तिथे होतो असे मला वाटते.

"हे कागद बेकार हायेत, दादा," छबूबाई म्हणाली. "भोकातून फुटानं गळत्यात. दोन पदरी पुडी बांधावी लागती."

"मला हेच पाहिजेत. मी तुम्हाला तेवढीच वर्तमानपत्रं आणून देतो."

"आन ह्याची भोकं तुमी काय करनार?"

"ऐकणार."

छबूबाईने त्यांच्या मागे पुढे पाहिले. "घरचं कुनी संगं आलंय का तुमच्या?"

तिच्याकडून पंधरा गुंडाळ्या सबंध मिळाल्या, आणि एक अर्धी, जिचा शेवट फुटाण्यांबरोबर बाजारात गेला होता. ती अर्धीही त्यांनी जपून ठेवली. पंधराही गुंडाळ्या त्यांनी घरी येताच एकेकदा वाजवून पाहिल्या. फक्त एकेकदा. त्या वेळी ते वहीत काही तरी मोजून लिहीत होते. कागद ठिसूळ झाला होता, आणि आधी दुरुस्ती, मग ऐकणे, असा त्यांचा विचार होता.

नृसिंहरावांचा हात फार चांगला होता. कचेरीत गावोगावचे जुने नकाशे दुरुस्त करण्याचे काम बावीस वर्षे त्यांच्याकडे होते. मैद्याची खळ ते स्वतः शिजवत. कागद खाणारी कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालत. त्यांची एक रीत होती. कसरीने पाडलेले भोक तसेच बुजवायचे नाही. त्याच्या कुरतडलेल्या कडा कापून लहानसा नीट चौकोन करायचा, आणि त्यात तेवढाच पातळ कागदाचा चौकोन बसवायचा. जोड बोटाला लागता कामा नये. आणि आधी कड वाचवायची, कारण कड गेली की नकाशा गेला.

१९४४ च्या पावसाळ्यात त्यांनी माझ्या सगळ्या गुंडाळ्या याच रीतीने दुरुस्त केल्या. क्लबाच्या सव्वीस, बेलापूरच्या पंधरा. सुरांची भोके लांबट आणि मोठी, ती त्यांनी ओळखली आणि त्यांना हात लावला नाही. पण दोन्ही कडांना त्यांना बारीक बारीक भोके दिसली. कडेला बारीक भोक म्हणजे कसर. बावीस वर्षांत याला कधी अपवाद झाला नव्हता. त्यांनी एकही भोक सोडले नाही. काही खरोखर कसरीची होती, काही जोडभोके होती. सगळ्यांचे सारखे चौकोन झाले.

दुरुस्तीनंतर पहिली गुंडाळी वाजली तेव्हाच मला कळायला हवे होते. सूर सगळे येत होते, पण टोकाच्या छिद्रांतून वारा आत येत नव्हता. मला कळले नाही असे नाही. मला वाटले, दोष माझा आहे. तेहतीस वर्षांचे चामडे आहे, कुठे तरी उसवले असेल. एवढ्या नीट काम करणाऱ्या माणसाच्या हातून चूक होईल हे माझ्या मनातच आले नाही. आपल्याबद्दल शंका घेण्याची सवय असली की दुसऱ्याची चूक दिसत नाही. आणि दिसली असती तरी मी काय करणार होतो?

दीड वर्ष असेच गेले. नृसिंहराव येणाऱ्याजाणाऱ्याला मला ऐकवत. लोक मान हलवत आणि चहा पिऊन जात.

१९४६ च्या जानेवारीत भीमा आला. क्लबातली माणसे कमी झाली होती, त्याचेही काम सुटत आले होते.

"रावसाहेब, माझा पियानो बघाया आलो."

आतून इंदूताई म्हणाल्या, "तुमचा असेल तर घेऊन जा हो. मला कपाटाला जागा होईल."

भीमाला चहा दिला गेला, तो खिडकीत वेगळ्या ठेवलेल्या कान तुटलेल्या कपातून. त्याने तो दाराजवळ बसून घेतला. नृसिंहरावांनी साड्या उचलल्या आणि क्लबातली एक गुंडाळी मोठ्या अभिमानाने लावली. ती संपली तरी भीमा कप हातात धरूनच होता.

"काय भीमा? सगळे सूर वाजतात ना आता?"

"सूर हायेत की. समदे हायेत."

"मग?"

भीमाने कप खाली ठेवला. "राग मानू नका. गानं हाय, पर गानारी न्हाई त्यात. निस्ती गर्दी हाय."

"कोण गाणारी?"

"ती वरनं यायची की, गर्दीतनं. आमी तिला बाई म्हनायचो. ती गेलीया."

नृसिंहरावांना राग आला, तो माझा. त्यांनी मला उघडले. भिंगारच्या मोच्याकडून मऊ चामडे आणून माझे भाते नव्याने मढवले, नळ्या बदलल्या. तीन आठवडे मी उघडा पडून होतो. मलाही बरे वाटत होते, की अखेर माझा दोष निघेल. सगळे जोडून झाले, गुंडाळी लावली. गर्दीच वाजली.

मार्चमध्ये छावणीतल्या एका मडमेने विलायतेला जाताना त्यांना एक गुंडाळी दिली. दुरुस्तीआधी एकदा वाजवून पाहावी म्हणून त्यांनी ती लावली. आणि चाल वर आली. साथ खाली राहिली आणि वरून एकच आवाज सरळ गात गेला. माझ्या टोकाच्या छिद्रांत दीड वर्षांनी वारा शिरला होता.

नृसिंहरावांचे पाय थांबले. कागद काढून ते खिडकीशी गेले आणि बराच वेळ उजेडाकडे धरून उभे राहिले.

"कसर जोडीजोडीने खात नाही," ते म्हणाले.

"काय म्हणालात?" इंदूताईंनी विचारले.

"सगळीकडे दोन दोन भोकं आहेत. बरोबर सुरासमोर. अगं, ही कसर नाही. ही मीच..."  मोरीत जाऊन त्यांनी हात धुतले. मग एकेक गुंडाळी काढून कडा पाहिल्या. प्रत्येकीच्या कडेला पन्नास-साठ चौकोन, इतके नीट बसवलेले की बोटाला जोड लागत नव्हता. चौकोनात आधी काय होते, जोडभोक की किड्याचे भोक, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हते. काम वाईट केले असते तर खुणा राहिल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून परतताना ते भिंगारला गेले आणि भीमाला घेऊन आले.

त्यानंतर दर रविवारी सकाळी भीमा येऊ लागला. तो माझ्यापुढे बसे, डोळे मिटून पाय मारी. नृसिंहराव कागदावर नजर ठेवून पेन्सिल घेऊन उभे राहत. "हितं," भीमा म्हणे, की ते त्या चौकोनावर टिंब देत. मग तीच जागा पुन्हा, आणि पुन्हा. भीमाचे दोनदा तेच आले, तरच नकाशा उतरवताना बिंदू टोचायची बारीक सुई घेऊन ते त्या चौकोनात जोडभोक पाडत. एका रविवारी एक गुंडाळी झाली तर पुष्कळ.  

एकदा दोघांची जुंपली.

"इथं हवंच, भीमा. चाल इथं चढते आहे. नियमाने इथं हवं."

"न्हाई. हितं ती गप बसती."

"तुला कसं ठाऊक?"

"वीस वर्सं पाय मारलेत मी, रावसाहेब. नाच लांबला की हितं आल्यावर माझ्या पिंढऱ्या भरून यायच्या. आन नेमकी हितं ती गप. मला वाटायचं, माझ्यासाठीच थांबली."

नृसिंहरावांनी रबराने टिंब पुसले. त्या दिवसापासून ते त्याला 'वस्ताद' म्हणू लागले, आणि 'तू'चे 'तुम्ही' झाले. भीमाला ते फार दिवस थट्टाच वाटे. कान तुटलेला कप खिडकीतून कधी नाहीसा झाला ते मी पाहिले नाही. एका रविवारी तिघेही सारख्या कपांतून चहा पीत होते, एवढे मात्र खरे.

"वस्ताद," इंदूताई म्हणाल्या, "तुमची ती बाई सापडली की तिला विचारा, माझ्या साड्या कुठं ठेवायच्या."

क्लबाच्या सव्वीस गुंडाळ्यांना सव्वा वर्ष लागले. शेवटची झाली तेव्हा १९४७ चा पावसाळा होता. क्लब बंद झाला. भीमाचा भाऊ त्याला पुणतांब्याला बोलावत होता. जाण्याआधीच्या रविवारी तो आला तेव्हा नृसिंहरावांनी बेलापूरच्या पंधरा गुंडाळ्या मांडून ठेवल्या होत्या.

"या तुम्ही ऐकलेल्या नाहीत, ठाऊक आहे. पण इतका कान झालाय तुमचा. अंदाज तर येईल?"

भीमाने पहिली पूर्ण वाजवली. पुन्हा एकदा वाजवली. मग पाय काढून घेतले.

"चाल कुठं जाती ते सांगीन. पर ती कुठं गाती, कुठं गप बसती, ते न्हाई सांगता यायचं. हिची माझी गाठच पडली न्हाई, रावसाहेब."

"मी एकदा ऐकल्या होत्या," नृसिंहराव म्हणाले. "दुरुस्तीच्या आधी. पंधराच्या पंधरा. पण मी ऐकत नव्हतो, वस्ताद. मी कसरीची भोकं मोजत होतो."

 जाताना भीमाने माझ्या लाकडाला हात लावून कपाळाला लावला. मग नृसिंहरावांच्या खांद्यालाही हात लावला.

पुढचा रविवार मला स्पष्ट आठवतो. नृसिंहराव एकटेच सुई घेऊन बसले होते, समोर बेलापूरची पहिली गुंडाळी. त्यांना आता संगीतातले पुष्कळ कळत होते. नियमाने कुठे काय असावे हे त्यांना सांगता आले असते, आणि दहांतले आठ बरोबर आले असते. ऐकणाऱ्याला उरलेले दोन कळलेही नसते. सुई त्यांनी दोनदा कागदाला टेकवली. मग ती डबीत ठेवून दिली, पंधरा चिठ्ठ्या कापल्या आणि सुंदर अक्षरात प्रत्येकीवर एकच मजकूर लिहिला: 'या गुंडाळीच्या कडेची भोके मी कसरीची समजून बुजविली. त्यांत गाण्याची कोणती होती ते मला माहीत नाही. कोणीही अंदाजाने भोक पाडू नये. नृ. वि. टोकेकर.' प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी ठेवली. नकाशावर जिथली हद्द ठाऊक नसे तिथे ते रेघ ओढत नसत, तसेच हे.

१९४९ च्या फेब्रुवारीत ते कचेरीतून आले, टोपी काढून खुंटीला लावली आणि बसल्या जागी गेले. इंदूताई भावाकडे राहायला गेल्या, आणि मला गुंडाळ्यांसकट शहरातल्या एका शाळेला दिले. आता मी शाळेच्या सभागृहात असतो. माझ्यावर साड्या नाहीत. त्याची सवय अजून झालेली नाही.

मला पोचवायला इंदूताई स्वतः आल्या होत्या. गाणे शिकवणारे सूर्यभान गुरुजी उत्साही आहेत. त्यांनी खोकी उघडून पाहिली, चिठ्ठी वाचली.

"काकू, मला पियानो थोडा येतो. या पंधरांत कुठं काय हवं ते मला सांगता येईल. एका सुटीचं काम आहे."

"त्यांनाही सांगता आलं असतं हो," इंदूताई म्हणाल्या. "म्हणून तर चिठ्ठी लिहिली."

गुरुजींनी चिठ्ठी खोक्यात परत ठेवली. निदान त्या दिवशी तरी.

आता जे सांगायचे राहिले ते सांगतो. त्या पंधरा गुंडाळ्या दुरुस्तीआधी एकदा माझ्यावरून गेल्या होत्या. नृसिंहराव मोजत होते, पण मी वाचत होतो. जोडभोके कुठे होती हे जगात कोणाला ठाऊक असेल, तर ते मला. एवढे असूनही मी खात्रीने सांगू शकत नाही. पितळ वारा आत घेते, धरून ठेवत नाही. कधी गुरुजी त्यांतली एखादी लावतात, एखादा चौकोन टोकाच्या छिद्रावरून सरकतो आणि मला वाटते, इथे. लगेच वाटते, कदाचित याच्या पुढचा. मला तोंड असते तरी मी भीमासारखे, माहीत नाही, असेच म्हटले असते. मग शंका येते, की हे प्रामाणिकपणाने म्हटले असते की भित्रेपणाने. याचा निकाल माझ्याने लागत नाही.

म्हणून मागणे एवढेच, की सुई डबीतच राहू द्या. आणि पुणतांब्याकडे कोणी जाणार असेल तर भीमा वस्तादांना सांगा, त्यांच्या सव्वीसही गुंडाळ्यांत बाई आपल्या जागी गाते. बेलापूरच्या पंधराही अधूनमधून लावा. त्यांतही ती आहे, फक्त गप बसली आहे. त्या वाजवताना पाय जरा सावकाश मारा.